आक्काला ठाऊक असलेली गोळी

माझ्या नणंदेचा मला पहिल्यापासून हेवा वाटत आलाय. लग्न होऊन मी वडीगोद्रीला आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. आमचे हे लहान असतानाच त्या गेल्या आणि यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीनं. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही म्हणते. आक्का वाटूरला दिलेली, तिथंच जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. बोलणं कमी, साडीला कडक इस्त्री. ती घरात आली की आमचे हे खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर बसतात. माझ्यासाठी कोणी कधी खुर्ची सोडल्याचं मला आठवत नाही.

यांचं हायवेच्या कडेला मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात. हे आतली जळकी तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. मी घरी शिलाई करते. आक्काची ब्लाउजंही मीच शिवते. तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा उतरता आहे. तो फरक शिलाईत झाकायचा कसा, हे मला बराबर जमतं. ब्लाउज घातल्यावर ती म्हणते, "चांगलं बसलं." मग भावाशी बोलायला निघून जाते.

रोज दुपारी जेवून दुकानात गेले की हे आक्काला फोन लावायचे. मी चहा घेऊन गेले की फोन खिशात जायचा.

"काय म्हणतात आक्का?" मी विचारायची.

"काही न्हाई. बराय."

एवढा वेळ बोलून माणसाजवळ फक्त 'बराय' उरतं, हे मला कधी पटलं नाही.

मी सांगतेय ती गेल्या वर्षीची गोष्ट. त्याच्या आधी बरेच महिने हे गप्प गप्प झाले होते. मोटार समोर उघडी पडलेली असायची, तारेचं बंडल हातात, आणि हात हलायचा नाही. गिऱ्हाईक ओरडून जायचं. ताटातली भाकरी अर्धी राहायची. मी आधी विचारलं, मग चिडले, मग बोलणंच सोडलं. मला वाटलं, माझा कंटाळा आला असेल. एवढ्या वर्षांत येतोच की, मी मनाशी म्हणायची.

मग हळूहळू यांच्यात फरक पडला. जेवण वाढलं, दुकानातून रेडिओचा आवाज यायला लागला. आणि महिन्यातून एकदा जालन्याला जाणं सुरू झालं. "तार आणायची हाय," म्हणायचे. तार तर आधीही आणायचे, पण आता इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. पिशवीत तार थोडी, दिवस मात्र अख्खा जायचा, आणि परत आले की चेहरा धुतल्यासारखा मोकळा दिसायचा.

मी एकदा म्हटलं, "मला पण न्या. अस्तराचं कापड घ्यायचंय."

"पुढच्या खेपेला," हे म्हणाले, आणि ती खेप आलीच नाही.

बाईच्या मनात अशा वेळी जे येतं तेच माझ्या मनात आलं. मी शर्ट धुताना हुंगून बघायची. घामाशिवाय आणि मोटारीच्या वार्निशशिवाय कसलाच वास यायचा नाही, तरी माझी खात्री झाली होती की जालन्यात कोणीतरी आहे. ती कशी दिसत असेल, साडी नेसत असेल की ड्रेस घालत असेल, हे मी मशीन चालवता चालवता ठरवून टाकलं होतं.

अशात यांच्या तळहातात तार घुसली. तुटलेलं बारीक टोक होतं, यांनीच ओढून काढलं आणि वरून हळद दाबली. दोन-तीन दिवसांत हात भाकरीसारखा फुगला. आम्ही अंबडला सर्जनकडं गेलो. त्यांनी चीर देऊन पू काढला, तो तपासायला पाठवला आणि गोळ्या दिल्या. सूज काही ओसरली नाही. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं.

"हे जंतू साध्या औषधांना दाद देणारे नाहीत," ते म्हणाले. "दुसरं अँटिबायोटिक लिहून देतो, लिनेझोलिड म्हणून. त्याआधी सांगा, बीपी, शुगर, थायरॉइड, दुसरी कुठलीही गोळी चालू आहे का?"

हे म्हणाले, "न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी हसून म्हणाले, "यांचं डोकं ठणकलं तरी गोळी घेत न्हाईत, साहेब. बिलकुल न्हाई." हे वाक्य मी पाहुण्यारावळ्यांत नेहमी म्हणायची. नवऱ्याचं एक कौतुक सांगायला माझ्याजवळ तेवढंच होतं. हे खाली फरशीकडं बघत बसले होते.

हात बांधलेला असल्यामुळं दुकान बंद होतं. तरी रोज दुपारी जेवण झालं की हे उठायचे. "शटर बघून येतो," म्हणायचे. बंद शटरमध्ये बघायचं काय? मी खिडकीतून बघायची. हे शटर अर्धं उचलून आत जायचे, थोड्या वेळानं बाहेर यायचे. मी म्हटलं, जालन्यालाच फोन लावत असतील.

नवी गोळी सुरू झाली आणि सूज खरंच उतरायला लागली. पण दुसऱ्याच दिवशी हे बेचैन झाले. पलंगावर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. अंगातून घाम गळत होता, बनियन पिळून काढावं असा. हात थरथरत होते, तांब्या धरवत नव्हता. जुलाब सुरू झाले. मला वाटलं, विष रक्तात गेलं. त्याच दिवशी आक्का भावाचा हात बघायला म्हणून आली होती, वाटूरहून जीपा बदलत. मी तिला पाणी दिलं. हे आज सतरंजीवर उतरले नाहीत, पलंगावरच पाय हलवत बसले. आक्कानं त्यांच्या डोळ्यात बघितलं, कपाळाला हात लावला.

मी चहा टाकायला आत गेले. आत गेले तरी कान बाहेरच होते.

"ती जालन्याची गोळी चालूच हाय का रे?" आक्का हळू आवाजात विचारत होती.

"चालू हाय ना. दुकानात जाऊन घेतो."

"आन् ही हाताची कोणती दिलीय? दाखव जरा. तू इथल्या डॉक्टरला सांगितलं होतं का, तुझी ती गोळी चालू हाय म्हणून?"

"हिच्यासमोर कसं सांगू?"

मी गॅस बंद केला. त्या क्षणी मला भीती आधी वाटायला हवी होती, आणि ती नंतर आलीच. पण आधी जे आलं ते दुसरंच होतं. जालन्यातली ती बाई, जिची साडीसुद्धा मी ठरवून टाकली होती, ती बाई नव्हतीच. होती ती आक्का. परक्या बाईशी भांडता आलं असतं. हिच्याशी कसं भांडणार?

मी बाहेर आले तेव्हा आक्का फोनवर बोलत होती. पलीकडं जालन्याचे मानसोपचाराचे डॉक्टर होते. ती हाताच्या गोळीचं पाकीट डोळ्याजवळ धरून एक एक अक्षर वाचत नाव सांगत होती. फोन ठेवून ती माझ्याकडं वळली.

"दोन्ही गोळ्या एकत्र चालत न्हाईत म्हणतेत. दोन्हीतली एकही आता द्यायची न्हाई. पाकिटं घे आन् जल्दी अंबडला चल. घरी थांबायचं न्हाई."

"कोणत्या दोन्ही?" मी म्हटलं. ऐकलं होतं, तरी तिच्या तोंडून मला ऐकायचं होतं.

"गाडीत सांगते."

तिनं यांच्या खिशातली दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. शटर उचलून मी आत गेले. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, इन्सुलेशन टेपच्या रिळांखाली ते पाकीट होतं. एस्सिटालोप्राम. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते, आणि अर्ध्याहून जास्त गोळ्या संपलेल्या होत्या.

शेजारच्यांची गाडी मिळाली. मागच्या सीटवर हे मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. यांचा पाय खाली सारखा नाचत होता. आक्कानं सांगितलं, वर्षभरापासून यांना उदासपणाची गोळी चालू आहे. जालन्याला ती वाटूरहून यायची, हे इकडून जायचे, दोघं मिळून डॉक्टरकडं बसायचे. मी खिडकीबाहेर उसाच्या बैलगाड्या बघत राहिले. यांनी बांधलेला हात माझ्या मांडीवर ठेवला होता. मी तो काढला नाही, पण धरलाही नाही.

अंबडला सर्जननी यांना लगेच आत घेतलं. दोन्ही पाकिटं मी टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. यांच्या गुडघ्याखाली हात घालून त्यांनी पाऊल झटक्यानं वर दाबलं, आणि पाऊल आपोआप उडायला लागलं, मशीनचं पायडल मारावं तसं, थांबेचना.

"हे बघायचं होतं मला," ते नर्सला म्हणाले. दोन्ही औषधं बंद केली, सलाइन लावलं, अंग शांत करायचं इंजेक्शन दिलं, छातीला वायरी लावून मशीन सुरू केलं. जालन्याच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतःहून फोन केला आणि दोघं बराच वेळ बोलत राहिले.

नंतर आम्हा दोघींना बाहेर बोलावून त्यांनी समजावलं. मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक द्रव्य असतं. मनाची गोळी ते वाढवते. हाताचं अँटिबायोटिक, जंतू मारता मारता, तेच द्रव्य जिरवायचं काम अडवतं. दोन्ही एकत्र आली की ते साठत जातं, आणि मग घाम, थरथर, जुलाब, ताप, पायाचे असे झटके. वेळेत आलात, ते म्हणाले. ताप चढत गेला असता तर अवघड होतं.

"सगळीच अँटिबायोटिक अशी नसतात," ते म्हणाले. "रिपोर्टमध्ये दुसरं एक लागू पडणारं आहे, आता ते देऊ. मला आधी कळलं असतं तर तेच दिलं असतं. आणि कधी हेच द्यायची वेळ आली असती, तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलून, ती गोळी थांबवून, नजरेखाली ठेवून दिलं असतं. मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो," मी म्हटलं. "विचारलं होतं."

आक्का आणि मी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसलो. तिनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही.

"मला का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"त्यानं शपथ घातल्ती."

"अन् तुमी पाळली."

"पाळली." तिनं पुडा पिशवीत परत ठेवला. "मी पण घेत होते तसली गोळी. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर. लेकराकडं बघावंसं वाटत नव्हतं. आमच्या घरी कोणाला कळलं न्हाई. हा तेव्हा कॉलेजात होता. ह्यानंच वळखलं आन् हाच मला जालन्याला घेऊन गेल्ता. म्हणून याला जेव्हा झालं तेव्हा तो माझ्याकडं आला. तुझ्यावर भरोसा न्हाई म्हणून न्हाई आला."

तिनं हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. मला उलट झालं. तोवर मला वाटत होतं की तिच्याकडं यांचं एक गुपित आहे. आता कळलं की दोघांचं मिळून एक आख्खं शेत आहे, माझ्या लग्नाच्याही आधीपासून कसलेलं, आणि मी इतकी वर्षं त्याच्या बांधावरून येजा करत होते. या बाईच्या उतरत्या खांद्याचं माप माझ्याकडं होतं, पण त्या खांद्यावर काय होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यांचा घाम थांबला. पाय शांत झाले. नवं औषध सुरू झालं होतं. आक्का चहा आणायला गेली तेव्हा हे माझ्याशी बोलले.

"चिडलीस?"

"न्हाई."

"चिडलीस."

"मला एक सांगा," मी म्हटलं. "मी तुमाला काय खाल्लं असतं का?"

हे छताच्या पंख्याकडं बघत होते. "तू सगळ्यांना सांगायचीस, हे डोकं दुखलं तरी गोळी घेत न्हाईत. तुझ्या भावाला, शेजारणीला, गिऱ्हाइकांना. मंग मी कोणत्या तोंडानं सांगू की मी रोज घेऊन राह्यलो?"

"मी कौतुकानं म्हणायची."

"म्हणूनच तर."

मी सलाइनची नळी उगाच सरळ केली.

मग हे म्हणाले, "आता नकोच ती गोळी. लई झालं. सोडून देतो." आणि खरं सांगते, मला आनंद झाला. ती गोळी सुटली की ते जालना सुटेल, दुपारचा फोन सुटेल, असं मनात चमकून गेलं. मी लगेच म्हटलं, "न्हाई तर काय. जिवावर बेतलं होतं. नकोच."

आक्का चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "डॉक्टरला विचारल्याबिगर सोडायची न्हाई," ती म्हणाली.

"ते नको म्हणतात तर नको," मी म्हणाले. "त्यांची बायको मी हाये."

लग्न झाल्यापासून मी आक्काला उलटून बोलले ते हे पहिलं वाक्य. आक्कानं कप टेबलावर ठेवले. "हायेस की," ती म्हणाली. "मंग पुढच्या खेपेला डॉक्टरकडं तू चल."

हाताची जखम वाळल्यावर आम्ही जालन्याला गेलो. आक्का तिकडून आली. दवाखान्यात डॉक्टरांसमोर दोनच खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर हे बसले आणि दुसरीत मी पटकन बसले. आक्का भिंतीला टेकून उभी राहिली. असली गोष्ट मनाला सुख देते हे सांगायला लाज वाटते, पण दिलं.

डॉक्टर वयस्कर होते. यांनी गोळी सोडायचं म्हटल्यावर ते रागावले नाहीत. "सोडायची वेळ येईल," ते म्हणाले. "पण भ्यायलात म्हणून सोडू नका. गोळीचा दोष नव्हता, दोन औषधांच्या भेटीचा होता. ते औषध आता अंगात नाही. कमी मात्रेपासून पुन्हा सुरू करू. पुढं थांबवायची तर हळूहळू उतरवू. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, आणि जुना आजार परत."

मी विचारलं, "आन् पुन्हा कधी जखम झाली, अँटिबायोटिक लागलं तर?"

ते माझ्याकडं वळले. मला वाटतं, त्या खोलीत माझ्याशी कोणी पहिल्यांदाच बोललं. "लागलं तर घ्यायचं. इन्फेक्शन अंगावर काढायचं नाही. फक्त देणाऱ्याला ही गोळी दाखवायची. दाताचा डॉक्टर असो, मेडिकलवाला असो. काही अँटिबायोटिक हिच्यासोबत हृदयाची लय बिघडवतात, काही चालतात. खोकल्याची काही औषधं, दुखण्याच्या काही गोळ्यासुद्धा चालत नाहीत. तुम्ही पाठ करू नका, विचारा. आणि नवीन औषधावर घाबरल्यासारखं, थरथर, छातीत धडधड वाटलं तर वाट बघू नका. हे घरी कोण बघणार?"

"मी," मी म्हटलं.

मागून आक्का म्हणाली, "ती बघंल."

ती तसं म्हणाली नसती तर बरं झालं असतं. मी स्वतः घेतलेली गोष्ट तिनं मला दिल्यासारखी झाली.

गोळी पुन्हा सुरू झाली. आता ती घरात फडताळावर असते, दुकानात नाही. हे जेवल्यावर माझ्यासमोर घेतात. पहिले काही दिवस मी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायची. हे म्हणायचे, "गिळली, बाई." पाहुण्यांसमोर मी ते जुनं वाक्य आता म्हणत नाही. माझा भाऊ आला तेव्हा त्यानं फडताळावरची गोळी पाहून विचारलं, ही कशाची? मी यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "मनाची." भावानं मान हलवली आणि कपाशीचा विषय काढला.

या उन्हाळ्यात यांची दाढ सुजली. घनसावंगीला दातांचे डॉक्टर आहेत, तिथं गेलो. त्यांनी तपासलं, पू झालाय म्हणाले, लिहायला पेन उचललं. मी पर्समधून पाकीट काढून त्यांच्या कागदावरच ठेवलं.

"ही चालू आहे," मी म्हटलं. "हिच्यासोबत चालंल असंच द्या. दुखण्याची गोळी पण बघून द्या."

त्यांनी नाव वाचलं, फोनमध्ये काही तपासलं. "बरं झालं दाखवलंत," म्हणाले. "मग हे देतो, याला अडचण नाही." अमॉक्सिसिलिन लिहिलं. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल. मेडिकलमध्येही मी पुन्हा दोन्ही दाखवून विचारलं. माझ्या अंगात त्या दिवशी एक वेगळाच ताठा होता. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले त्या आक्का उतरते तशा, सावकाश.

खाली आले तर हे सावलीत उभे राहून फोन लावत होते. सुजलेला गाल एका हातानं धरलेला.

"आक्का, दाताच्या डॉक्टरकडं आल्तो. अमॉक्सिसिलिन दिलीय. चालते ना?"

मी तिथंच होते. दोन माणसांना विचारून झालं होतं, माझ्याच तोंडानं. मी बसस्टँडकडं चालायला लागले. हे मागून भराभर आले आणि फोन माझ्यापुढं धरला. "तुला देऊन राह्यलो. बोल."

"हं, आक्का," मी म्हटलं.

"त्याला कळतंय का काही गोळ्यांचं," आक्का म्हणाली. "तूच सांग. डॉक्टरला ती दाखवली होती?"

"दाखवली. त्यांनी बघून लिहिलं. मेडिकलमध्ये पण विचारलं."

"बराबर," ती म्हणाली, वर्गातल्या पोरीच्या पाटीवर खूण करावी तशी. मला ते झोंबलं. मी ठेवते म्हणणार होते, तोच ती म्हणाली, "अगं, माझ्या गुडघ्याला डॉक्टरनं एक गोळी दिलीय. माझी बीपीची चालू हाय. नाव वाचून दाखवू का तुला?"

बस लागली होती. हे जागा धरायला पुढं गेले. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हटलं, "वाचा. पण त्या डॉक्टरला विचारल्याबिगर घेऊ नका." ती एक एक अक्षर लावत वाचायला लागली.